लढाईचं नाटक लिहिताना इतिहास किती वाकवायचा?

एकांकिका स्पर्धांचा सीझन आला की ठाण्यात शाळांच्या रिकाम्या वर्गांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये तालमी सुरू होतात, आणि एखादा तरी ग्रुप असा असतोच ज्यांना प्राचीन काळातलं युद्ध करायचं असतं. मग पहिल्याच वाचनाला भांडण. एक म्हणतो असं झालंच नव्हतं, दुसरा म्हणतो अरे नाटक आहे, इतिहासाचा पेपर नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं म्हणून भांडण मिटत नाही, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

माझं मत आधीच सांगते. पुरावा जिथे गप्प आहे तिथे लेखकाने मनसोक्त बोलावं, पण पुरावा जिथे बोलतोय तिथे त्याचं तोंड दाबू नये. हे मी पुण्यकर्म म्हणून सांगत नाहीये, माझा अनुभव असा आहे की पुरावा जे सांगतो ते बहुतेक वेळा आपल्याला सुचलेल्या सीनपेक्षा जास्त नाट्यमय असतं, आपण ते वाचायच्या आधीच बदलून मोकळे होतो एवढंच.

उदाहरणाला आपल्याच भागातलं युद्ध घेऊ. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी विरुद्ध क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप, म्हणजे प्रांताचा अधिपती, नहपान. काळ इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक, नेमक्या सालावरून अभ्यासकांचं अजून जुंपलेलं आहे. आपल्या भागातलं अशासाठी की हे भांडण बरंचसं बंदरं आणि घाटांवरून होतं. कल्याणला आणि सोपाऱ्याला माल उतरायचा, नाणेघाटातून वर जुन्नरला जायचा, तिथून पुढे पैठणकडे. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला जाताना वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची वाट सुटते, आपल्यातले कितीतरी जण पावसाळ्यात तिथे जाऊन फोटो काढून येतात, वर गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे आणि बाहेर तो दगडी रांजण, जकातीचा म्हणून सांगतात तो.

आता पुरावा काय काय आहे बघा. पेरिप्लस नावाचं ग्रीक भाषेतलं एक जुनं पुस्तक आहे, जहाजाने फिरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यात कल्याणबद्दल लिहिलंय की थोरला सारगन नावाच्या राजाच्या काळात हे रीतसर बंदर होतं, पण सांडारेस नावाच्या दुसऱ्याच्या हातात गेल्यापासून इथल्या व्यापारात फार अडथळे आहेत, आणि एखादं ग्रीक जहाज इथे लागलंच तर त्याला पहाऱ्यात भरूचला नेतात. भरूच नहपानाच्या राज्यातलं. म्हणजे लढाई फक्त मैदानात नव्हती, ती कल्याणच्या धक्क्यावर पण चालू होती, जहाजाचा नाखवा उतरून विचारतोय की माझा माल कधी उतरवणार आणि समोर हत्यारबंद शिपाई उभे. मला तरी हा सीन अजून कुठल्या स्क्रिप्टमध्ये दिसलेला नाही, सगळ्यांची सुरुवात रणशिंग आणि तलवारीने.

दुसरा पुरावा नाण्यांचा. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून जास्त नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यातली ९,००० हून जास्त गौतमीपुत्राने परत ठोकलेली. परत ठोकलेली म्हणजे वितळवून नवीन पाडलेली नाहीत, नहपानाच्याच नाण्यावर आपला ठसा मारलाय, कमानींचा तो डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना गोल असलेली फुली. बऱ्याच नाण्यांवर खालचा नहपानाचा चेहरा अजून ओळखू येतो, नाक, डोळा, कडेची ग्रीक अक्षरं, आणि त्याच्या गालावरच डोंगर उभा. एका बाजूला जुना राजा पुसायचाय आणि दुसऱ्या बाजूला चांदी चालू ठेवायची आहे कारण बाजार थांबला तर आपलंच नुकसान. शत्रूच्या मुकुटाला लाथ मारण्याचा सीन लिहिण्यापेक्षा टाकसाळीत हातोडा मारणारा माणूस दाखवा, तो दिवसभर एका राजाच्या तोंडावर दुसरा राजा ठोकतोय, ह्यात सगळं आलं.

तिसरा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांतला, आणि माझ्या मते सगळ्यात भारी हाच. गौतमीपुत्राच्या राज्याच्या १८ व्या वर्षातला हुकूम लेण्याच्या भिंतीवर कोरलेला आहे. हा हुकूम सुटलाय विजयी सेनेच्या छावणीतून. नाशिकजवळच्या गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित, त्याला राजा सांगतोय की अमुक गावातलं २०० निवर्तनं (निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप) शेत, जे आजपर्यंत उषवदाताकडे होतं, ते ह्या डोंगरावरच्या भिक्खूंना द्या. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. तारीख पावसाळ्यातल्या दुसऱ्या पंधरवड्याचा पहिला दिवस. विचार करा जरा, लढाई मारलीय, बाहेर पाऊस, छावणीत चिखल, आणि राजाच्या तोंडून जे कागदपत्र निघतंय ते कोणाचं शेत आता कोणाचं ह्याचं! जिंकणं म्हणजे नक्की काय हे ह्या एका हुकुमात दिसतं.

आणि गोष्ट इथे संपत नाही. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, त्याच भिंतीवर दुसरा हुकूम आहे, ह्यात राजाबरोबर त्याच्या आईचाही उल्लेख येतो. त्यात म्हटलंय की आम्ही आधी जे शेत दिलं ते कसलं जात नाही आणि त्या गावात वस्तीच राहिलेली नाही, म्हणून आता शहराच्या सीमेवरच्या सरकारी जमिनीतली १०० निवर्तनं देतोय. गाव का ओस पडलं हे लेखात लिहिलेलं नाही.

आणि इथे, बरोबर ह्या जागी, लेखकाचं काम सुरू होतं. गाव लढाईत जळलं म्हणून ओस पडलं असं तुम्ही लिहू शकता. दुष्काळ पडला, विहीर आटली, कसणारी कुळं उषवदाताची माणसं होती ती पळून गेली, काहीही लिहा, पुरावा आडवा येत नाही. त्या गावातली एक बाई उभी करा, तिला नाव द्या, तिला नवरा द्या, तो छावणीत ओझी वाहायला नेलेला दाखवा. हे खोटं नाही, ही रिकामी जागा आहे आणि ती माणसांनी भरणं हेच नाटकाचं काम. पण त्याच गावात राजा आल्यावर हिरवीगार शेतं आणि फुलांचा वर्षाव दाखवलात तर तुम्ही भिंतीवरचं स्पष्ट लिहिलेलं पुसलंत.

ह्याच्या उलट प्रत्यक्ष लढाईचं एकही वर्णन ह्या पुराव्यांत नाही. कुठे झाली, किती दिवस चालली, हत्ती किती होते, नहपान रणात पडला की कसा गेला, काहीच नाही. म्हणजे ज्या भागावर आपण सगळ्यात जास्त वेळ आणि बजेट खर्च करतो, तिथेच आपल्या हातात काही नाही, आणि आधी-नंतरच्या ज्या गोष्टींचा पुरावा पक्का आहे तो आपण एका निवेदनाच्या ओळीत उडवून लावतो.

बरं, रिकामी जागा भरायची म्हणजे वाट्टेल ते नाही. मी तालमीतल्या मुलांना सांगते की स्क्रिप्टवर दोन रंगांनी खुणा करा, जे माहीत आहे ते एका रंगात, जे आपण घातलंय पण त्या काळी होऊ शकलं असतं ते दुसऱ्या रंगात, आणि जे ह्या दोन्हींत बसत नाही त्याच्यावर बसून बोलू. बोलू म्हणजे काढूच असं नाही. उदाहरणार्थ लोखंडी रिकीब, म्हणजे घोडेस्वाराने पाय ठेवायची कडी, त्या काळात आपल्याकडे नव्हती, अंगठा अडकवण्यापुरती दोरी काही जुन्या शिल्पांत दिसते तेवढीच. पण शूटिंग असेल आणि नटाला घोड्यावर बसवायचं असेल तर त्याला रिकीब द्या, पायावरून कापड सोडा, माणूस पडून जखमी होण्यापेक्षा हे बरं. ही सूट मी कधीही देईन. पण घोड्यावर उभं राहून दोन्ही हातांनी भाला चालवणारा स्वार, त्याच्यावर सगळ्या लढाईचा निकाल, ही सूट नाही देणार, कारण रिकीब नसताना घोडदळ कसं लढायचं हेच त्याने बदलून जातं. तसंच मेजवानीच्या ताटात मिरच्या, बटाटा, मक्याचं कणीस दिसलं की मला चैन पडत नाही, हे सगळं अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आलं, आणि ते टाळायला खर्च शून्य. जे फुकटात बरोबर करता येतं ते चुकीचं ठेवायचं काही कारणच नाही.

भाषेचं पण असंच. जुना काळ म्हणून पात्रांच्या तोंडी जड संस्कृतप्रचुर मराठी घातली की ते जास्त खरं वाटतं अशी एक समजूत आहे. गौतमीपुत्राचे हे हुकूम प्राकृतात आहेत, संस्कृतात नाहीत. प्राकृत आज कोणाला समजणार नाही त्यामुळे मराठीत बोलावंच लागेल, ती सूट घ्यावीच लागते, मग साधी, घरात बोलतो तशी मराठी का नको? विष्णुपालिताने हुकूम वाचून कारकुनाशी जे बोलणं केलं असेल ते काही श्लोकात केलं नसणार.

कपडे-हत्यारांसाठी मुलं लगेच आधीच्या सिरियलचे फोटो काढतात. त्याच्याऐवजी शिल्पं बघा. लोणावळ्याजवळ भाज्याला रथ आणि हत्तीवरचा स्वार कोरलेला आहे, ट्रेनने जाऊन येण्यासारखं आहे. सांचीच्या तोरणांवर वेढ्याचा देखावा आहे, तटबंदी, धनुर्धर, हत्ती, रथ, आणि तिथल्या दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या मुख्याचं, आनंदाचं, नाव आहे. गंमत अशी की तो देखावा बुद्धाच्या अस्थींसाठी झालेल्या भांडणाचा, म्हणजे शिल्पकारांसाठीसुद्धा कित्येक शतकं जुनी गोष्ट, आणि त्यांनी आपल्या डोळ्यासमोरचीच हत्यारं आणि आपल्याच काळातले कपडे घातलेत. कलाकाराने सूट घेणं हे आजचं नाहीच.

आता खलनायक. नहपानाच्या बाजूचे लोक म्हणजे काळे कपडे, काजळ भरलेले डोळे, मोठ्याने हसणं, हे ठरलेलंच असतं. पण उषवदाताचा स्वतःचा लेख त्याच पांडवलेण्यांत आहे, १० नंबरच्या लेण्यात. त्यात त्याने दिलेल्या दानांची यादी आहे, ब्राह्मणांना गाई, भिक्खूंना लेणं, भरूच, दशपूर (आजचं मंदसौर), गोवर्धन, सोपारा इथे धर्मशाळा, आणि नद्यांवर फुकट होड्यांची सोय, त्या नद्यांत दमण, तापी आणि डहाणूची नदी पण आहे. पश्चिम रेल्वेच्या पट्ट्यातला माणूस हा, लोकांना फुकट नदी ओलांडून देणारा. आणि हाच माणूस पुढे सांगतो की मालय नावाच्या टोळीने पावसाळ्यात उत्तमभद्र नावाच्या दुसऱ्या टोळीला वेढलं होतं, मी मालकाच्या हुकुमावरून सोडवायला गेलो तर मालय माझ्या येण्याच्या नुसत्या आवाजानेच पळाले. असं खरंच झालं असेल का? मला नाही वाटत कोणतंही सैन्य नुसत्या आवाजाला पळतं, ही फुशारकी आहे. पण फुशारकी मारणारा, दानशूर, सासऱ्यावर निष्ठा असलेला जावई, ज्याचं शेत शेवटी दुसऱ्याला जातं, ह्याच्यापेक्षा चांगलं पात्र तुम्ही कल्पनेने काढून दाखवा.

आणि नायक पण एकरंगी नाही. गौतमीपुत्र गेल्यानंतर त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातवाच्या राज्याच्या १९ व्या वर्षी लेख कोरवलाय. त्यात मुलाचं वर्णन करताना ती म्हणते की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने क्षहरात वंश पूर्ण नाहीसा केला. आणि त्याच लेखात हेही म्हणते की अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे. एकाच दगडावर दोन्ही! एक आई आपल्या गेलेल्या मुलाबद्दल सांगतेय की त्याने अख्खं घराणं संपवलं आणि त्याला मारणं आवडत नव्हतं. बहुतेक लेखक ह्यातलं एक वाक्य घेतात आणि एक सोडतात, कोणाला शूर राजा हवा असतो कोणाला दयाळू. दोन्ही ठेवा. दोन्ही वाक्यं त्या बाईच्या तोंडी एकापाठोपाठ द्या आणि नटीला ठरवू दे की मध्ये किती थांबायचं.

आकड्यांचा प्रश्न मुलं नेहमी विचारतात, सैन्य किती सांगायचं. इथे जुन्या ग्रीक-रोमन लेखकांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अलेक्झांडर आणि पोरसची इसवी सनपूर्व ३२६ ची लढाई घ्या, पोरसचे हत्ती एरियन २०० सांगतो, डायोडोरस १३०, कर्टियस ८५. तिघंही लढाईनंतर कित्येक शतकांनी लिहितायत. तेव्हा तुमच्या पात्राने 'हत्तीच हत्ती' म्हटलं तरी चालेल, घाबरलेला शिपाई मोजत बसत नाही. पण त्या लढाईतली एक गोष्ट बघा, पाऊस होऊन जमीन निसरडी झाली होती, रथ चिखलात अडकले, आणि माणसाच्या उंचीएवढं धनुष्य जमिनीवर टेकवून पायाने दाबून ताणायचं तर ते नीट रोवता येईना. निकालात ह्या चिखलाचा वाटा मोठा आहे. असा तपशील आकड्यापेक्षा शंभरपट कामाचा, कारण तो नटाला करता येतो.

मग बारा पोरांत युद्ध दाखवायचं कसं, गडकरी रंगायतनच्या स्टेजवर हत्ती आणणार कुठून? त्याचं उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात स्पष्ट सांगितलंय की युद्ध, राज्य जाणं, मरण, नगराला वेढा ह्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातून, सांगाव्यात. भासाने ऊरुभंगात भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध तीन शिपायांच्या तोंडून ऐकवलंय, आणि दुर्योधनाचं मरण मात्र नियम मोडून समोर दाखवलंय. म्हणजे कुठे सांगायचं आणि कुठे दाखवायचं हे त्याने विचार करून ठरवलं. आणि इतिहासाच्या दृष्टीने हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग आहे, कारण शिपाई सांगतोय म्हटलं की प्रेक्षकाला आपोआप कळतं की ही एका माणसाने पाहिलेली लढाई आहे, धुळीत, गोंधळात, समोरच्या चार माणसांपुरती.

ह्यावर एका मुलाने मला विचारलं होतं, "ताई, पण शेवटी दोघा राजांचं द्वंद्व नाही ठेवलं तर पब्लिकला काय मिळणार?" म्हटलं, अरे दोघं समोरासमोर आले होते ह्याला काडीचा पुरावा नाही, तरी भेट घाल, मी नको म्हणत नाही. पण तलवारीने निकाल लावलास की कल्याणचं बंदर, घाट, नाणी, शेतं, हे सगळं कशासाठी चाललं होतं ते प्रेक्षक विसरणार, त्यांना वाटणार दोन माणसांचं वैर होतं. बोलणी करायला बसव दोघांना. जकातीवर भांडू देत. त्याने तसं लिहिलं आणि तो प्रवेश चांगला झाला, जकातीच्या वाक्याला हॉलमध्ये शांतता होती.

एक सूट मात्र मी कोणालाच देत नाही, ती म्हणजे आजची भांडणं त्या काळावर चढवणं. ते परके, हे आपले, आणि लढाई त्यावरून, असं लिहिलं की टाळ्या पडतात हे मला माहीत आहे. गौतमीपुत्राच्या आईच्या लेखात शक-यवन-पल्हवांना चिरडल्याचा अभिमान आहे, तो लपवायचं कारण नाही. पण येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीला एक लेख आहे, पाण्याच्या टाक्याचा, त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचं वर्णन आहे, ती कार्दमक ह्या शक घराण्यातली, एका महाक्षत्रपाची मुलगी. म्हणजे पिढी-दोन पिढ्यांत सातवाहनांच्या घरात शकांची लेक नांदत होती. आणि जुनागढला शक महाक्षत्रप रुद्रदामनचा इसवी सन १५० च्या सुमाराचा लेख आहे, त्यात तो म्हणतो की मी दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवलं पण जवळचं नातं म्हणून त्याला नेस्तनाबूत केलं नाही. सोयरीक झाली तरी लढाई थांबली नाही आणि लढाई झाली तरी सोयरीक सुटली नाही. हे आजच्या कुठल्याही घोषणेत बसत नाही, आणि म्हणूनच ते स्टेजवर यायला हवं.

राहिला प्रश्न प्रेक्षकाला सांगायचं किती. 'ही कलाकृती काल्पनिक असून' वगैरे छापील वाक्य कोणी ऐकत नाही आणि त्यातून काही कळतही नाही. त्याच्याऐवजी पडदा उघडायच्या आधी दोन वाक्यं सरळ बोला. छावणीतला हुकूम, ओस पडलेलं गाव आणि आईचे शब्द लेण्यांत कोरलेले आहेत, ओझी वाहणारा माणूस आणि त्याची बायको आमची. एवढं सांगितलं की प्रेक्षक उलट जास्त लक्ष देऊन बघतो.

आणि लिहायच्या आधी एकदा नाशिकला जाऊन या, ठाण्यात खोपटहून एसटी मिळते, लेणी शहराच्या अलीकडेच हायवेला लागून आहेत. आधी १० नंबरचं लेणं बघा, उषवदाताचं, मग ३ नंबरचं, गौतमीपुत्राचं आणि बलश्रीचं. वाचता येणार नाही लगेच, पण भाषांतर मोबाईलवर घेऊन जा आणि ओळ न ओळ लावून बघा, वही सोबत ठेवा.